आबांनी पाहिलेला उलटतपास

आमच्या गावात मी वकील आहे. कोर्टात नाही.

घरच्यांना हे इतक्या वेळा समजावून सांगितलंय, की आता सांगताना माझाच गोंधळ उडतो.

धुळ्याजवळ सोनगीरवरून आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथे आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लपवत नाही, उलट कोणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांनी नम्र राहावं, त्यांना ते परवडतं. मी एल.एल.बी. झाले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले आणि त्यांच्या मोठ्या भावाने, म्हणजे आबांनी, धुळ्याला जाऊन माझा काळा कोट शिवायला टाकला. माप न देता. "आपली पोर शे, माप काय घेवानं?" असं ते शिंप्याला आमच्या अहिराणीत म्हणाले. कोट आला तेव्हा बाह्या इतक्या लांब, की हात वर केल्याशिवाय बोटं बाहेर येत नसत. तरी मी तो घालून धुळ्यातल्या एका सिनियरकडे दोन वर्षं काढली. त्यांच्या फायली उचलल्या, त्यांच्यासाठी तारखा मागितल्या. मग जळगावला वाहनांना कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीत नोकरी लागली. लीगल ऑफिसर.

कामकाज कोर्टाचंच. पण नियम असा आहे, की पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली करता येत नाही. सनद थांबवून ठेवावी लागते. म्हणजे केस माझी, कागद माझे, पुढच्या तारखेला काय बोलायचं तेही मीच ठरवलेलं, पण न्यायाधीशांपुढे उभे राहून बोलणार आमच्या पॅनेलवरचे वकीलसाहेब. मी त्यांच्या मागे बसून त्यांच्या कोटाची शिवण बघत असते. ते अडले की चिठ्ठी सरकवते. ते चिठ्ठी वाचतात, क्षणभर छताकडे बघतात आणि मग असं बोलतात, की जणू छतानेच सांगितलं.

एक काम मात्र पूर्ण माझं असतं. कंपनीला तोंड नसतं. ती शपथ घेऊ शकत नाही, पिंजऱ्यात उभी राहू शकत नाही. तिच्या वतीने साक्ष द्यायला हाडामांसाचं कोणीतरी लागतं. ती मी. जळगाव, भुसावळ, धुळे, जिथे जिथे कंपनीची केस असेल तिथे तिथे मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाते आणि समोरचे वकील माझा उलटतपास घेतात. वकील होऊन मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती या जागेवर.

मुंबईच्या मुख्य कार्यालयातले साहेब दर सोमवारी व्हिडिओ कॉलवर येतात. त्यांच्या मनात जळगाव आणि धुळे ही एकाच स्टेशनची दोन फलाटं आहेत. "दोन्ही कोर्टं एका सकाळीच करून टाका ना," असं ते प्रेमाने सुचवतात. मध्ये एरंडोल आहे, पारोळा आहे आणि रस्ता कायम खोदलेला आहे, हे मी सांगत नाही. "येस सर," म्हणते. नोकरीत हे दोन शब्द पदवीइतकेच उपयोगी पडतात. एकदा त्यांनी विचारलं, अमुक केस का रखडली? मी म्हटलं, न्यायाधीशांची बदली झाली. तर म्हणाले, "मग आपण एस्कलेट केलं का?" म्हणजे वर तक्रार नेली का. न्यायाधीशांच्या वर कोणाकडे, ते मी विचारलं नाही.

मुंबईला न कळणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आमच्याकडचं नातं काढणं. खान्देशात माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग मामाचं गाव, मग बहीण कुठे दिली ते. तिसऱ्या प्रश्नापर्यंत नातं निघतंच. नातं निघालं की पुढचं भांडण अवघड. एकदा फैजपूरच्या एका कर्जदाराला नोटिशीबद्दल फोन केला. फोन त्याच्या आईने उचलला आणि माझं गाव विचारलं. मी खरं सांगून बसले. पुढची सगळी बोलणी कोणाची आत्या कोणाकडे दिली यावर झाली आणि शेवटी त्या माउलीने मला भरीत खायला बोलावलं. तेव्हापासून मी नुसतं "जळगावची" म्हणते. ऑफिसातला, जळगावजवळच्या असोद्याचा सहकारी तर आवाज बदलून फोन करतो, कारण त्याला निम्मा तालुका आवाजावरून ओळखतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी पुतणी. माझ्या चुलतभावाची मुलगी, आबांची नात. बारावी झाली, कायद्याच्या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण पडले आणि तिने जाहीर केलं की धुळ्याला लॉ कॉलेजला जाणार. तिचे वडील माझ्यासारखेच आबांच्या शब्दाबाहेर नाहीत. आणि आबांनी वेगळं ठरवलं होतं. तिने डी.फार्मसी करावी आणि हायवेच्या चौफुलीवर मेडिकल टाकावं. आबा वाईट नाहीत. पोरीला शिकवायचं नाही असं त्यांनी कधी म्हटलं नाही. फक्त शिक्षणातून काय निघतं ते त्यांना डोळ्यांनी दिसायला हवं असतं, शेतातल्या पिकासारखं.

रविवारी मी गावी गेले होते तेव्हा ओट्यावर हाच विषय निघाला.

"गोळ्या लोके रोज घेतस," आबा म्हणाले. "कोर्टमां रोज कोन जास?"

"मी जास," मी म्हटलं.

"जास ना. पन तठे तू काय करस? बोलता येत नही तुले. कोट कपाटमां शे. इतली शिकीसन दुसराना मांगे बठस. मंग हाई पोरले बी तेच कराले लावानं का?"

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचलं, पण ते साक्षीदार, प्रतिनिधी, अधिकारपत्र अशा शब्दांतलं होतं, आणि आबा अशा शब्दांकडे विकायला आलेल्या बैलाकडे बघावं तसे बघतात.

पुतणी उंबऱ्यात उभी होती. रडणं, रुसणं हा तिचा स्वभाव नाही. ती म्हणाली, "आबा, एक डाव आत्याले कोर्टमां दखा. मंग ठरवा. तुम्ही नही म्हना तर मी मेडिकल टाकसू."

पोरीने स्वतःचं सगळं भविष्य माझ्या डोक्यावर ठेवलं आणि आत निघून गेली. आबा मान हलवत म्हणाले, "हाई बात बरोबर शे." कॉलेजच्या अर्जाची मुदत त्या आठवड्यातच संपत होती. आणि त्या आठवड्यातली माझी धुळ्याची तारीख होती उलटतपासाची.

मी तीन-चार कारणं काढली. पाऊस आहे, गर्दी असते, तारीख पुढेही जाईल. आबा म्हणाले, "तारीख पुढे गयी तर पुढे येसू." अशा माणसापुढे कारणं चालत नाहीत.

त्या दिवशी मी जळगावहून कोर्टात पोचले तेव्हा आबा आधीच आलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, धोतर, टोपी. गावच्या मिटिंगला जातात तसे. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून ते एका माणसाबरोबर तंबाखू मळत होते आणि दोघं खदखदा हसत होते. त्या माणसाचे पांढरे बूट मला जिन्यावरूनच ओळखू आले.

तो आमच्या केसमधला आरोपी.

धुळ्यातले मंडप-डेकोरेशनवाले. लग्नात साउंडही त्यांचाच. त्यासाठी टेम्पो घेतला, कर्ज आमच्या कंपनीचं, हप्त्यापोटी दिलेला चेक वटला नाही, म्हणून केस. माणूस रंगेल. खिशाला गॉगल, बोटांत अंगठ्या, आणि प्रत्येक तारखेला मला न चुकता "नमस्कार मॅडम" म्हणणार.

"ये बेटा, ये!" आबांनी हाक मारली. "हाऊ देख कोन शे! आपला व्याहीना साडूना भाऊ! त्यास्ना पोरना लगीनमां मंडप याना व्हता, अन् माले म्हाईत बी नही!"

"मॅडमना मी ओळखतो, आबा," मंडपवाले अदबीने म्हणाले. "त्यांच्याच कंपनीची केस आहे माझ्यावर."

आबांनी चुना लावायचा हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"नातामां केस टाकी तू?"

"मी नाही आबा, कंपनीने टाकली."

"मंग कंपनीले सांग ना, नातं शे म्हनीसन."

सोमवारच्या कॉलवर साहेबांना हे कसं सांगायचं याचा विचार करत मी आबांना आत नेलं आणि मागच्या बाकावर बसवलं. ते मंडपवाल्यांच्या शेजारी बसले. दुसरीकडे बसा म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि नात्यातल्या माणसाशेजारी का बसू नये याचं कारण अहिराणीत नाही.

आमची केस पुकारली. मी पिंजऱ्यात गेले. मागून आबांचा आवाज आला. त्यांना वाटतं ते कुजबुजतात, पण शेतात या बांधावरून त्या बांधाला बोलण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची कुजबुज ती.

"हाई तठे काब्र गयी? गुन्हा तर तुनावर शे ना?"

"साक्षीदारले तठेच उभं ऱ्हावानं पडस, आबा," मंडपवाल्यांनी समजावलं. आमच्याच केसच्या आरोपीने.

न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून मागे एकदा पाहिलं. मी शपथ घेतली.

समोरचे वकील धुळ्यातले मुरलेले. आवाज खणखणीत आणि प्रश्न असा टाकतात, की उत्तर आधीच त्यात बसवलेलं असतं. पण मीही काही कालची नाही. उलटतपासात उत्तर जितकं आखूड तितकी साक्ष बळकट, हे मी आता झोपेतही पाळते.

"कर्ज मंजूर झालं तेव्हा तुम्ही हजर होता?"

"नाही."

"चेक तुमच्यासमोर लिहिला?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला या व्यवहारातलं काहीच माहीत नाही."

"कंपनीच्या कागदपत्रांवरून माहीत आहे."

"वाचून साक्ष देता तर!"

"वाचता येतं म्हणून, साहेब."

टायपिस्ट हसली. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "विचारलं तेवढंच." मला आतून बरं वाटत होतं. आबा बघतायत, आपली पोर अडत नाही हे त्यांना दिसतंय, पोरीचं कॉलेज जवळजवळ पक्कं, असा माझा हिशेब चालला होता.

पण उलटतपासाचा शेवट ठरलेला असतो. समोरच्या वकिलाला जे जे कबूल नाही ते ते त्याला साक्षीदाराच्या तोंडावर म्हणावं लागतं, आणि अगदी शेवटी, तुम्ही खोटी साक्ष देत आहात, हेही म्हणावं लागतं. साक्षीदाराने म्हणायचं, हे म्हणणं खरं नाही. लग्नात अंतरपाट धरतात तसं हे. त्यात कोणी कोणाला शिवी दिलेली नसते. मी तर ते वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की चहा घेणार का म्हटल्यासारखं वाटतं.

"चेकवरची सही माझ्या अशिलाची नाही, असं माझं म्हणणं आहे."

"हे म्हणणं खरं नाही."

"आणि कंपनीच्या सांगण्यावरून तुम्ही आज कोर्टात खोटी साक्ष देत आहात."

"हे म्हणणं खरं..."

मागचा बाक करकरला.

"ओ वकीलसाहेब! कोनले खोटी म्हनतस?" आबा उभे. टोपी सरळ, बोट वकिलांकडे. "मनी पोर खोटं बोलत नही! सही यानीच शे! यानी आतेच सांगं माले भायेर, तंबाखू मळता मळता!"

आणि बोट शेजारी वळलं.

मंडपवाल्यांनी खिशातला गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. कोर्टात. मला अजून वाटतं, त्या क्षणी त्यांना लपायला दुसरी जागा सापडली नाही.

समोरचे वकील ओरडले, आमचे वकीलसाहेब त्यांच्याहून मोठ्याने ओरडले, काय ते त्यांनाही ठाऊक नसावं. न्यायाधीश बाईंनी टेबलावर पेन आपटला.

"आजोबा, तुम्ही कोण?"

"मी हिना मोठा बाप."

"तुम्ही या केसमध्ये साक्षीदार आहात?"

"साक्षीदार नही. पन खरं माले म्हाईत शे."

"इथे विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"अन् कोनी इचारंच नही तर?"

"तर बोलायचंच नाही. बाहेर बसा."

शिपायाने दार उघडून धरलं. आमच्या गावात आबा बोलायला लागले की दुसरे थांबतात. पंचायतीत त्यांना खुर्ची पुढे देतात. ते माझ्याकडे न बघता बाहेर गेले. चप्पल दारात होती, ती पायात घालायलाही थांबले नाहीत, हातात घेऊन गेले.

"साक्षीदार, शेवटचं उत्तर पूर्ण करा," बाई म्हणाल्या.

"हे म्हणणं खरं नाही," मी म्हटलं.

"आणि हे गृहस्थ तुम्ही मुद्दाम आणलेत, माझ्या अशिलाकडून कबुली काढून घ्यायला," समोरचे वकील म्हणाले.

"हे म्हणणं तर मुळीच खरं नाही," मी म्हटलं, पण बघत होते दाराकडे. केस माझ्या डोक्यात नव्हतीच. आबांना भर कोर्टातून बाहेर काढलं आणि ते माझ्यामुळे. आता कायद्याचं नाव त्या घरात निघणार नाही. पोर मेडिकलच्या काउंटरमागे बसणार आणि मला आयुष्यभर आदराने आत्या म्हणणार, हे मला त्या लाकडी कठड्याला धरून उभी असताना दिसत होतं.

पुढची तारीख पडली. बाहेर आले तर आबा बाकावर. आमचे वकीलसाहेब माझ्याआधी त्यांच्याजवळ पोचलेले, आनंदाने लालबुंद.

"आबा, तुम्हालाच साक्षीदार करू! सही कबूल केल्याचं शपथेवर सांगा, बस. केस खिशात!"

"नातामां सांगेल गोष्ट शे ती," आबा म्हणाले. "कोर्टमां सांगानी नही ऱ्हास."

"अहो, मघाशी अख्ख्या कोर्टाला सांगितलीत की!"

"तवय राग येल व्हता. आते नही शे."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. तेवढ्यात मंडपवाले आले. गॉगल परत खिशात. हातात चहाचे कप, त्यातला पहिला आबांना.

"आबा, खपवलं ना तुम्ही माले," ते म्हणाले.

"तू सांगं काब्र?"

"तुम्ही इचारं म्हनीसन! मोठा मानूस इचारस, नात्यामधला, खोटं कसं सांगानं?"

दोघांनी चहा घेतला. मग समोरचे वकीलही आले. मला वाटलं आता भांडण. तर त्यांनी कोट काढून हातावर टाकला आणि आबांना हात जोडले.

"आबा, राग मानू नका. मॅडम खोटं बोलत नाहीत हे मलाही माहीत आहे. पण ते म्हणावंच लागतं. म्हटलं नाही, तर आम्ही त्यांची साक्ष मान्य केली असा अर्थ निघतो."

आबांनी त्यांना नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजे तुम्ही खरं म्हाईत असीसन खोटं म्हनू शकतस. अन् मी खरं सांगं तर भायेर."

वकिलांनी थोडा विचार केला. वकील विचार न करता हो म्हणत नाहीत.

"जवळजवळ तसंच," ते म्हणाले.

गावी जाताना गाडीत आबा टोपी मांडीवर घेऊन बसले. हायवेवर शेवभाजीसाठी थांबू म्हटलं तर नुसती मान हलवली. शेवभाजीला नाही म्हणालेले आबा मी पाहिले नव्हते. बाहेर कपाशी हातभर वाढलेली, दोन्हीकडे हिरवंगार, आणि मी मनात एकेक वाक्य जुळवत होते. मेडिकलही चांगलंच असतं. फार्मसीच्या पुस्तकांतही डोकं लागतं. पोर हुशार आहे, दुकान चालवेल.

ओट्यावर पुतणी शेंगा फोडत बसलेली. आमचे चेहरे पाहिले आणि तिचे हात थांबले. आबांनी पाय धुतले, बसले, पाणी प्यायले. शेजारचे दोघे-तिघे ऐकायला आलेच. आबा कोर्टात जाऊन आले ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली होती.

"तठे एक जागा शे," आबांनी सुरुवात केली. "लहानशी. टेबलपुढे. तठे उभा ऱ्हायना की मानूस काय बी इचारू शकस. कोनले बी. मोठा शे का लहान शे, काही नही. जजबाई बी ऐकी लेतस. अन् बाकीना बठ्ठास्नी गप्प बठानं. माले म्हने, इचारं तरच बोलानं." ते थांबले. "मना केस पांढरा व्हई गयात. मी खरं सांगं. तरी भायेर."

कोणी हसलं नाही. मीही नाही.

"तठे बोलाना हक्क त्या जागावर शे," आबा म्हणाले. "आपला घरमां एक तरी मानूस जोयजे, तठे उभा ऱ्हाईसन बोलनारा." आणि नातीकडे वळून, "जाय तू. भर अर्ज. मेडिकल दुसरं कोनी टाकी."

पोरीच्या मांडीवरच्या शेंगा सगळ्या ओट्यावर सांडल्या.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण माणूस आहे. मी म्हटलं, "आबा, मी आहे ना घरात. मी काय रोज तिथे गप्प बसते?"

आबांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. अगदी मायेने.

"तू चांगली बोलस बेटा. वाचता येस म्हनीसन, हाई तर तू भारी बोलनी. पन तू इचारं तवयच बोलस." मग नातीला, "तू तशी व्हवानी नही. तू इचारनारी व्हय. त्या वकीलनंगत."

त्या वकिलासारखी. ज्याने मला भर कोर्टात खोटारडी म्हटलं त्याच्यासारखी. शेजारी माना हलवायला लागले. आबांनी मग त्या वकिलाची नक्कल करून दाखवली, आवाज चढवून, बोट रोखून. पिंजऱ्यातली मी म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या समोर ठेवला होता. तांब्याला बोलायचं काम नव्हतं.

सोमवारच्या कॉलवर साहेबांनी विचारलं, धुळ्याच्या केसचं काय? मी म्हटलं, माझा उलटतपास पूर्ण झाला. "गुड," ते म्हणाले, "विशेष काही?" मी म्हटलं, "नो सर." ती केस अजून चालूच आहे. मंडपवाले अजून "नमस्कार मॅडम" म्हणतात, आता त्यापुढे "आबा बरे आहेत ना?" हेही विचारतात, आणि आमचे वकीलसाहेब प्रत्येक वेळी कपाळाला हात लावतात.

प्रवेशाच्या दिवशी मी रजा काढली. कॉलेजच्या ऑफिसात पुतणी, तिचे वडील, आबा आणि मी. एवढी माणसं एका पोरीबरोबर बघून खिडकीतल्या क्लार्कबाई हसल्या. कागद तपासता तपासता त्यांनी सहज विचारलं, "घरात आधी कोणी वकील आहे का?"

पुतणी माझ्याकडे बघून काही बोलणार, तेवढ्यात आबा खिडकीशी वाकले.

"शे ना. हाई," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी जरा ताठ झाले. "पन हाई कंपनीनी शे. घरनी वकील हाई पोर पहिलीच."

क्लार्कबाईंना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी शिक्का मारला.